डिजिटलनंतर मीडियम फॉरमॅट फिल्म: पहिल्याच रोलच्या निगेटिव्ह इतक्या फिकट का आल्या?

वडगावकर (बेळगाव)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी डिजिटल कॅमेऱ्यावर छायाचित्रण करतो. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, येळ्ळूरच्या राजहंसगडावरची पहाट आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक हे माझे नेहमीचे विषय आहेत. गेल्या दिवाळीत थोरल्या काकांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला याशिका मॅट १२४ जी हा दोन लेन्सचा कॅमेरा सापडला. काका आता नाहीत. काकू म्हणाल्या, "तू वापरणार असशील तर घेऊन जा, नाहीतर तो असाच पडून राहील." त्यांचा तो शब्द मला मोडवला नाही.

कॅमेऱ्याचा हँडल नीट फिरतो, शटर उघडते आणि बंद होते. एचपी ५ प्लस ही ४०० वेगाची (वेग म्हणजे फिल्म प्रकाशाला किती चटकन दाद देते त्याचा आकडा) कृष्णधवल फिल्म मागवली आणि खानापूर तालुक्यातील हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात जाऊन पहिला रोल काढला. पहिली पाच छायाचित्रे कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबून घेतली. त्यात मूळची बॅटरी मिळत नसल्यामुळे दुकानदाराने दिलेली १.५ व्होल्टची बटण बॅटरी घातली होती. पुढे मीटरविषयी शंका आली, म्हणून उरलेली सात छायाचित्रे माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर आधी प्रकाश मोजून, तीच मापे याशिकावर लावून घेतली. रोल कुरिअरने बाहेरगावच्या एका लॅबकडे धुवायला पाठवला.

निगेटिव्ह परत आल्या त्या पाहून मन खट्टू झाले. बाराच्या बारा फिकट आहेत. अंगणातले ऊन आणि शिखराच्या कडा बऱ्यापैकी उमटल्या आहेत, परंतु मंडपातील खांब, पायऱ्यांखालची सावली आणि दारात बसलेल्या आजींच्या पदराची घडी यांच्या जागी फिल्म अगदी काचेसारखी कोरी आहे. हीच दृश्ये डिजिटलवर घेतली, तेव्हा संगणकावर सावल्या सहज उजळता आल्या होत्या.

माझे दोन प्रश्न आहेत. चूक माझी आहे, कॅमेऱ्याची आहे की लॅबची, हे कसे ओळखावे? आणि दुसरा प्रश्न थोडा मोठा आहे: इतकी वर्षे डिजिटलवर काम केलेल्या माणसाने या वाटेला जावे का, आणि जायचे असेल तर कोणत्या सवयी आधी मोडाव्यात? जाणत्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुना स्टुडिओवाला (निपाणी)

वडगावकर, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले. मी निपाणीत सत्तावीस वर्षे स्टुडिओ चालवला आणि त्यातली निम्मी वर्षे याच जातीच्या कॅमेऱ्यावर पोट भरले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

चूक कोणाची हे निगेटिव्हच सांगते. फिल्मच्या कडेला, चौकटीच्या बाहेर, कंपनीचे नाव आणि आकडे छापलेले असतात. ते कारखान्यातच ठरावीक प्रकाशाने उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नसतो. ती अक्षरे गडद आणि ठसठशीत असतील, तर लॅबने रोल नीट धुतला आहे आणि प्रकाश तुम्ही कमी दिला आहे. ती अक्षरेही पुसट असतील, तर मात्र धुण्यात कसर राहिली. तुम्ही लिहिले आहे की उन्हाचा भाग बऱ्यापैकी उमटला आणि सावलीत काहीच नाही. यावरून मला तरी प्रकाश कमी पडल्याचा संशय येतो, पण कडेची अक्षरे पाहून खात्री करून घ्या.

पहिल्या पाच छायाचित्रांचे कारण बहुधा ती बटण बॅटरी आहे. या कॅमेऱ्याचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालण्यासाठी बनवले होते. पाऱ्यामुळे त्या बॅटऱ्या पुढे बंद झाल्या. तिच्या जागी १.५ व्होल्टची घातली की मीटरची सुई प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त प्रकाश दाखवते, आपण तिच्यावर विश्वास ठेवून लेन्सचे छिद्र लहान करतो आणि फिल्म उपाशी राहते. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ क्रमांकाची बॅटरी १.४ व्होल्टची असते. तिच्याभोवती छोटे कडे बसवले तर ती चालते, मात्र काही महिन्यांतच उतरते. इतक्या जुन्या मीटरवर विसंबण्यापेक्षा हातातले मीटर किंवा तुमचा डिजिटल कॅमेराच वापरावा, असे माझे मत आहे.

आता डिजिटलने मोजलेल्या सात छायाचित्रांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. डिजिटलवर काम करणाऱ्याला पहिली भीती असते ती उजेड फुटण्याची. पांढरा भाग एकदा जळाला की त्यात काही उरत नाही, म्हणून तो जरा कमी प्रकाश देतो आणि सावल्या नंतर संगणकावर उचलतो. तुम्हीही बहुधा तसेच केले असेल. निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव नेमका उलटा आहे. फिल्मवर जिथे प्रकाश पोहोचतो तिथे चांदी काळी होऊन टिकते. जिथे तो पोहोचलाच नाही तिथली चांदी फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनात, विरघळून जाते, आणि गेलेली चांदी कोणत्याही रसायनाने परत आणता येत नाही. आजींच्या पदराची घडी तुमच्या निगेटिव्हमध्ये दबलेली नाही, ती तिथे उमटलीच नाही. उलट, उन्हाच्या भागाला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) प्रकाश जास्त मिळाला असता तर निगेटिव्ह तिथे जास्त गडद झाली असती, एन्लार्जरखाली, म्हणजे प्रिंट काढायच्या यंत्राखाली, तिला थोडा जास्त वेळ द्यावा लागला असता, इतकेच. म्हणून आमच्या पिढीत शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगत असत: माप सावलीचे घे.

ते माप कसे घ्यावे हेही सांगतो. डिजिटल कॅमेऱ्याचे मीटर एका ठिपक्यापुरते मोजणाऱ्या स्थितीत ठेवा आणि ज्या सावलीत तुम्हाला पोत दिसायला हवा आहे, म्हणजे त्या मंडपातल्या खांबाची काळोखी बाजू, तिच्यावर नेमके धरा. मीटर प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी समजून मोजत असते. तुम्हाला खांब राखाडी नको, काळसर हवा, म्हणून त्याने सांगितलेल्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. सावली आपल्या जागी बसते, आणि उन्हाची फारशी काळजी करू नका. जोपर्यंत हात बसत नाही तोपर्यंत ४०० च्या फिल्मचा वेग २०० धरून मोजलेत तरी काही बिघडणार नाही.

मीटर नसेल तर आमचा जुना ठोकताळा होता: निरभ्र आकाशाखाली भर उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतके, म्हणजे ४०० च्या फिल्मला या कॅमेऱ्यावर ५००, सेकंदाचा पाचशेवा भाग. त्याच उन्हात चावडीच्या किंवा पडवीच्या मोकळ्या सावलीत आलात की तीन स्टॉप उघडून एफ/५.६.

सवयींबद्दल विचारलेत. आमच्याकडे साध्या लग्नाला तीन रोल मिळायचे, म्हणजे छत्तीस छायाचित्रे, आणि त्यातच सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळे बसवायचे. मंगलाष्टके संपत आली की मी छिद्र, शटर आणि अंतर आधीच लावून, हँडल फिरवून, कॅमेरा पोटाशी धरून उभा राहत असे. अंतरपाट खाली येतो, अक्षता हवेत असतात आणि नवरी मान वर करते, तो क्षण एकच. पुन्हा हँडल फिरवेपर्यंत अक्षता जमिनीवर पडलेल्या असतात. त्यामुळे बोट दाबण्याआधी सगळे ठरलेले असावे लागते. डिजिटलवर माणूस आधी दाबतो आणि मागच्या पडद्यावर पाहून ठरवतो. ही एक सवय मोडलीत तर बाकीचे आपोआप जमेल. डिजिटल मात्र सोडू नका. दोन्ही ठेवा.

---

कृष्णधवल (शहापूर, बेळगाव)

निपाणीच्या स्टुडिओवाल्या काकांनी प्रकाशाविषयी लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी फक्त धुण्याविषयी लिहितो. वडगावकर, कृष्णधवल रोल बाहेर पाठवू नका, घरीच धुवा. त्याला अंधारी खोलीही लागत नाही. एक हात घालायची काळी पिशवी, एक टाकी, डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन), फिक्सर आणि अचूक थर्मामीटर इतक्यावर काम भागते.

अडचण आपल्याकडच्या पाण्याची आहे. रसायनांच्या सगळ्या तक्त्यांत २० अंश सेल्सिअस धरलेले असतात, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मी स्वतः २९ अंश मोजले आहे. एचपी ५ ला आयडी-११ हा डेव्हलपर समप्रमाणात पाणी घालून वापरला, तर २० अंशांना १३ मिनिटे लागतात; २४ अंशांना तेच काम सुमारे ९ मिनिटांत होते. त्याहून गरम पाण्यात वेळ इतका कमी उरतो की टाकीत रसायन ओतायला आणि काढायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटाचासुद्धा डाग दिसू लागतो. बर्फ थेट रसायनात घालू नये. मी आदल्या रात्री खानापूरचा माठ भरून ठेवतो. कोरड्या उन्हाळ्यात सकाळी त्यातले पाणी २२-२३ अंशांवर आलेले असते. त्या पाण्याने डेव्हलपर पातळ करतो आणि फिक्सरची बाटली व धुण्याचे पाणीही त्याच पाण्याच्या बादलीत ठेवून सारख्या तापमानावर आणतो, कारण थंड डेव्हलपरमधून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिच्यावरचा थर सुरकुततो.

या कॅमेऱ्याला लागणारी १२० ची फिल्म ३५ मिलिमीटरसारखी डबीत नसते, ती कागदाच्या पट्टीबरोबर गुंडाळलेली असते. पिशवीत कागद उलगडत गेलात की फिल्मचे मोकळे टोक हाती लागते, आणि शेवटी ती कागदाला चिकटपट्टीने जोडलेली असते. ती पट्टी हळू सोडवावी. एक रोल वाया घालवा, हा खर्च टाळू नका. दिवसाउजेडी, डोळे उघडे ठेवून आणि मग डोळे मिटून, तो टाकीतल्या रिळावर दहा वेळा चढवून पाहा. पावसाळ्यात पिशवीत हाताला घाम सुटतो आणि ओल्या बोटांना फिल्म चिकटते, म्हणून पंख्याखाली बसावे आणि घाई झाली तर फिल्म टाकीत टाकून, झाकण लावून, हात बाहेर काढून पुसून घ्यावेत.

शेवटचे पाणी डिस्टिल्ड वापरा, नाहीतर बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर कायमचे राहतात.

---

रानवाट (खानापूर)

जांबोटीच्या पावसात हा कॅमेरा घेऊन जाणार असाल तर थोडे सावध करतो. अशा जुन्या लेन्सना आमच्याकडच्या ओल्या हवेत बुरशी फार लवकर धरते. लेन्सच्या मागून विजेरी धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर आताच साफ करून घ्या. कॅमेरा कातडी पेटीत ठेवू नका, ती ओल धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करा.

दुसरे म्हणजे शटरचे कमी वेग तपासा. वर्षानुवर्षे न वापरलेल्या शटरमधले वंगण घट्ट होते, आणि एक सेकंदाचा वेग प्रत्यक्षात दोन-अडीच सेकंद चालतो. घड्याळ लावून ऐका, कानालाही फरक कळतो.

---

चौकोन (चिकोडी)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते स्पष्टच म्हणतो. मीडियम फॉरमॅटकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटते की निगेटिव्ह मोठी म्हणून चित्र आपोआप चांगले येईल. निगेटिव्ह मोठी आहेच: ३५ मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६, आणि आपली ५६ बाय ५६, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीनपटींहून जास्त. पण तुम्ही तिचे पुढे काय करणार, हे आधी ठरवा. फक्त मोबाईलवर दाखवणार असाल तर हा सगळा खटाटोप कोणाला दिसणार नाही. कागदावर मोठे प्रिंट काढणार असाल तर मात्र पदराचा धागा न् धागा मोजता येतो आणि कण दिसत नाही.

एन्लार्जर नसेल तर निगेटिव्ह तुमच्याच डिजिटल कॅमेऱ्याने टिपता येते. मॅक्रो लेन्स, खाली एकसारखा पांढरा प्रकाश देणारी एलईडी पाटी आणि कॅमेरा पाटीला अगदी समांतर. समांतर आहे का हे पाहायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये दिसले की झाले. एक लक्षात ठेवा, चौरस निगेटिव्ह लांबट सेन्सरवर पूर्ण मावत नाही. ६००० बाय ४००० च्या सेन्सरवर तिच्या वाट्याला ४००० बाय ४००० एवढेच येतात. मोठे प्रिंट हवे असेल तर निगेटिव्हचे दोन किंवा चार तुकडे टिपून जोडावेत.

या कॅमेऱ्याच्या ८० मिलिमीटर लेन्सवर खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, फार कमी मिळते, हेही डिजिटलवरून येणाऱ्याला उशिरा कळते. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचे चित्र एफ/३.५ वर घेतले तर स्पष्ट भाग जेमतेम वीतभर असतो; डोळे साधले तर कान सुटतात. वरचे भिंग उघडून, कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या काचेवर डोळा लावून फोकस करा. आणि मिरवणुकीला हा कॅमेरा नेऊ नका. काचेवर डावे-उजवे उलटे दिसते, चित्ररथ डावीकडे जात असेल तर तुम्ही कॅमेरा हटकून उलट्या बाजूला फिरवाल.

---

वडगावकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये असे वाटले.

कडेची अक्षरे पाहिली. ती ठसठशीत काळी आहेत, म्हणजे लॅबने काम चोख केले होते आणि मी मनातल्या मनात त्यांना दिलेला दोष चुकीचा होता. डिजिटल कॅमेऱ्याचे जुने सेटिंग तपासले, तर गेली कित्येक वर्षे तो दोन तृतीयांश स्टॉप कमी प्रकाशावर ठेवलेला निघाला; ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की मोजताना ती आडवी येत आहे हे लक्षातच आले नाही. शटरचा एक सेकंद घड्याळावर जवळजवळ दोन सेकंद भरला. तीसच्या वरचे वेग ठीक वाटतात, तेवढेच वापरतो आहे.

दुसरा रोल घेऊन पुन्हा हलशीला गेलो. फिल्म २०० धरली आणि प्रत्येक वेळी आधी सावलीजवळ चालत जाऊन माप घेतले. बारा छायाचित्रांना अडीच तास लागले. त्या आजी पुन्हा त्याच दारात बसल्या होत्या. डोळ्यांसमोर कॅमेरा धरला की त्या मागच्या वेळी पदर सावरून ताठ बसत होत्या. या वेळी मी कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत पाहत होतो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे लक्षच दिले नाही आणि शेंगा सोलत राहिल्या. माठाचे पाणी २३ अंशांवर मिळाले. टाकी उघडून रीळ उजेडासमोर धरले तेव्हा पदराची घडी दिसत होती आणि मांडीवरच्या सुपातील टरफले एकेक वेगळी दिसत होती. दोन चौकटींत फोकस चुकला आहे आणि एकीवर माझ्या बोटाचा ठसा आहे. बाकी नऊ धडधाकट आहेत.

आता एक शेवटचा प्रश्न. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचे दगडी कमळ घ्यायचे आहे. ती वास्तू १२०४ सालची आहे आणि आत प्रकाश फार थोडा असतो. मीटर एफ/११ ला दहा सेकंद सांगते. तेवढेच द्यावे का?

---

जुना स्टुडिओवाला (निपाणी)

नऊ म्हणजे चांगलेच आले. माझ्या दुसऱ्या रोलवर चार आले होते.

दहा सेकंद देऊ नका. एका सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते, तिला मोजलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एचपी ५ ला मोजलेल्या दहा सेकंदांसाठी सुमारे वीस सेकंद द्यावे लागतात. २०० वर मोजले असेल तर पंधरावरही काम होईल, पण फिल्म शिल्लक असेल तर दोन्ही घ्या. शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहते) ठेवा, कॅमेरा न हलवता बटण दाबणारी केबल रिलीज लावा आणि सेकंद तोंडाने मोजण्याऐवजी घड्याळावर मोजा.

ट्रायपॉडसाठी आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती मिळाली नाही तर कॅमेरा घडी केलेल्या उपरण्यावर पाठीवर निजवा, लेन्स छताकडे. मग काच एका बाजूला येते, तिच्याशेजारी जमिनीवर बसून तुम्हाला कमळ सरळ पाहता येईल. डावे-उजवे उलटे दिसेल, पण कमळाला त्याने काही फरक पडत नाही. ऊन दारातून आत येते त्या वेळी जाऊ नका; ढगाळ दिवशी जा, म्हणजे पाकळ्यांमधल्या सावल्या मऊ राहतील. माप त्या सावल्यांचेच घ्या आणि धुतल्यावर कडेची अक्षरे पाहायला विसरू नका.